पिवळं ठिगळ

पिकअपच्या पाठीवरचं हे कापडी छप्पर
विकत आणलं तेव्हा नुसतंच काळं होतं.
अ‍ॅल्युमिनियमच्या चार कमानी, दोन चेनी,
आणि माहितीच्या कागदावर एक माणूस,
नट आवळता आवळता हसणारा.
एल्कोच्या एप्रिलातल्या वाऱ्यात
नट आवळताना कुणी हसत नाही.

सोमवार ते शुक्रवार मी लोकांचे नळ दुरुस्त करते.
लांबलचक पाइप, पान्यांची पेटी,
कधी गरम पाण्याचा बंब, तोही उभाच न्यायचा.
म्हणजे छप्पर मागून पुढं गुंडाळता यायला हवं,
सतरंजी गुंडाळावी तसं,
आणि पट्ट्यांनी इतकं आवळता यायला हवं
की महामार्गावर फडफडून माझं डोकं उठवणार नाही.
शनिवारी मात्र त्याच जागेत
मी आणि बेन्यात झोपणार.
बेन्यात चौदाचा आहे.
त्याचे पाय सतराचे.

खोगीरं शिवणाऱ्या ऑर्व्हिलकडून
दाभण आणि मेणाचा दोरा मागून आणला.
"शिवता येतं का तुला?"
"गळती बंद करता येते."
तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला,
मग दोऱ्याचं दुसरं रीळही दिलं.

उशाशी जाळीची खिडकी हवी होती.
आतून मोजलं,
बाहेरून कापलं.
डावं ते उजवं झालं.
शेगडीची फळी जिथं टांगायची
नेमकं तिथं हातभर भगदाड,
आणि त्यातून दिसणारं शेजाऱ्यांचं कुत्रं.
मी तोंडातल्या तोंडात जे काही बोलले
ते माझ्या आजोबांना बास्कमध्येही आलं नसतं.

बेन्यात आत गेला.
आठवडाभर आमच्यात "हो" आणि "नाही" एवढंच चाललं होतं.
बाहेर आला तो तिसरीतला रेनकोट घेऊन,
पिवळा, पाठीवर चमकणारी पट्टी.
"हा आता कुणाला होणारे?" म्हणाला.
पाठ कापली. ठिगळ लावलं.
टाके एका रेषेत नाहीत, पण दुहेरी आहेत.

मग उरलेलं सगळं:
फळकुटाच्या फटीतून पीठ चाळल्यासारखी धूळ यायची,
तिथं जुन्या दाराची रबरी पट्टी.
कमानीला दिव्यासाठी आकडा.
पहिल्या रात्री आमच्याच श्वासाचं पाणी
थेंब थेंब आमच्याच कपाळावर पडलं,
म्हणून वर दोन झरोके, चिकटपट्टीच्या झाकणांचे.
खरी खिडकी दुसऱ्यांदा कापली
तेव्हा खडूनं मोठ्ठं लिहिलं: ही बाजू.
बेन्यातनं खाली लिहिलं: नक्की?

जूनमध्ये लमॉइलच्या दरीत गेलो.
मध्यरात्री गारा.
कापडावर त्यांचा इतका गलका
की बोलायची सोयच नव्हती, बरंच झालं.
गारा थांबल्या आणि मग ऐकू आलं:
टप.
टप.
पिवळ्या ठिगळाचा खालचा कोपरा.
त्यानं अंधारात चाचपडून मग खाली ठेवला.
टण्.
"आमा, हे तुझंच काम ना?"
"शनिवारी सुट्टी असते."
मग आम्ही किती वेळ हसलो माहीत नाही,
त्याचे पाय फळकुटाला लाथा मारत होते.

सोमवारी एका बाईंच्या दारात
बंब उतरवायला छप्पर गुंडाळलं.
पाइनच्या सुया, एक मोजा,
आणि घरंगळत आलेला तो मग,
तळाशी अजून घोटभर पाणी.
बाईंनी उचलला, वास घेतला, ठिगळाकडे पाहिलं.
"अच्छा, ती पिवळ्या पाठीची गाडी तुमची होय?"
मी हो म्हटलं.
त्यांनी मग विसळला
आणि कॉफी भरून परत दिला.
कोपरा अजून शिवायचा राहिलाय.